सही करण्यापूर्वी : नॉन-कॉम्पीट, कंपनीची गुपिते आणि आपण

नवी नोकरी लागली की आपल्या घरांत आधी देवापुढे साखर ठेवली जाते, मग भारतात फोन जातो आणि संध्याकाळपर्यंत पगाराचा आकडा मावशी-काकांपर्यंत पोचतो. ऑफर लेटरच्या मागे टाचलेले दहा-बारा कागद मात्र कुणी वाचत नाही. पहिल्या दिवशी एच.आर.च्या टेबलावर 'इथे, इथे आणि इथे' असे बोट दाखवले जाते, आपण सह्या करतो आणि बॅज घेऊन कामाला लागतो.

त्या कागदांतच बहुधा तीन गोष्टी असतात. पहिली, कंपनीची गुपिते बाहेर सांगणार नाही हा गुप्तता करार. दुसरी, नोकरीत लावलेले शोध कंपनीचे असतील ही कबुली. आणि तिसरी, नोकरी सोडल्यावर अमुक काळ प्रतिस्पर्धी कंपनीत काम करणार नाही हे वचन, म्हणजे नॉन-कॉम्पीट. गेल्या दोन-तीन वर्षांत कपातीच्या बातम्या वाढल्यापासून मंडळाच्या कार्यक्रमांत या विषयावर मला बरेच प्रश्न विचारले गेले, म्हणून हा लेख. एक गोष्ट आधीच सांगते. मी केमिस्ट आहे, वकील नव्हे. हा लेख वाचून कागद नीट वाचायची सवय लागली तरी पुष्कळ झाले. निर्णय घ्यायची वेळ आली की नोकरीविषयक कायद्याच्या वकिलाकडे जावेच.

गुपित कशाला म्हणायचे?

समजा, तुमच्या सासूबाईंचा गोडा मसाला सगळ्या नात्यात प्रसिद्ध आहे. त्यात धने, तीळ, खोबरे, दगडफूल असते हे सर्वांना ठाऊक आहे. ते गुपित नव्हे. कशाचे प्रमाण किती, काय आधी भाजायचे आणि कुठल्या रंगावर उतरवायचे, हे गुपित. त्यांच्या घरची आमटी खाऊन, चव ओळखून, दहा वेळा प्रयोग करून तुम्ही तोच मसाला घरी जमवलात तर ती चोरी नाही. त्यांची वही गुपचूप उघडून उतरवून घेतलीत तर ती चोरी.

कायदाही साधारण असेच म्हणतो. माहिती सर्वसामान्यपणे ठाऊक नसावी, ती ठाऊक नसण्यातच तिची आर्थिक किंमत असावी आणि कंपनीने ती जपण्यासाठी वाजवी काळजी घेतलेली असावी. आमच्या धंद्यात कॅटॅलिस्टचे प्रमाण, कुठला पदार्थ कुठल्या क्रमाने घालायचा, कुठल्या तापमानाला स्फटिक पडतात, आणि न जमलेले प्रयोगसुद्धा यात येतात. कुठला रस्ता बंद आहे हे ठाऊक असणे यालाही मोल आहे.

पेटंट आणि गुपित यांतही फरक आहे. पेटंट घ्यायचे तर पद्धत जगाला उघड सांगावी लागते आणि अर्जापासून साधारण २० वर्षांनी हक्क संपतो. गुपिताला मुदत नाही, पण ते एकदा फुटले की संपले. कोका-कोलाने आपली कृती अशीच गुपित म्हणून जपली आहे. २००६ साली त्या कंपनीची काही गोपनीय माहिती पेप्सीला विकायचा प्रयत्न झाला, तेव्हा पेप्सीनेच कोका-कोलाला कळवले आणि एफ.बी.आय.ने सापळा रचून माणसे पकडली. चोरीची माहिती विकत घेणाराही गोत्यात येतो, हे मोठ्या कंपन्या जाणून असतात.

माहिती कशी मिळवली यालाही महत्त्व आहे. १९६९ साली टेक्सासमधील बोमाँट येथे ड्युपॉन्टचा मिथेनॉलचा कारखाना बांधला जात होता. छत घालायच्या आधी विमानातून त्याचे फोटो घेतले गेले. फोटो काढणाऱ्यांचे म्हणणे असे की आम्ही कुंपण ओलांडले नाही, आकाश सर्वांचे आहे. १९७० साली अपील कोर्टाने ते मानले नाही. बांधकाम चालू असताना कंपनीने साऱ्या कारखान्यावर मांडव घालावा अशी अपेक्षा करता येत नाही, असा त्या निकालाचा आशय होता.

आज गुपितांबाबत राज्यांचे कायदे आहेत, आणि त्यांच्या जोडीला २०१६ सालचा केंद्रीय कायदा आहे. त्याखाली कंपनी थेट फेडरल कोर्टात जाऊ शकते. मुद्दाम केलेल्या चोरीसाठी १९९६ च्या कायद्याने दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि ती चोरी परक्या सरकारसाठी असेल तर शिक्षा आणखी मोठी. ही नुसती पुस्तकातली धमकी नाही. ड्युपॉन्टमध्ये दहा वर्षे काम केलेल्या एका संशोधक केमिस्टने दुसरीकडच्या नोकरीची बोलणी सुरू झाल्यावर, राजीनामा देण्यापूर्वी, कंपनीच्या संगणकीय ग्रंथालयातून सुमारे २२,००० सारांश आणि १६,००० हून अधिक दस्तऐवज काढले. त्यांतील बहुतेकांचा त्याच्या कामाशी संबंध नव्हता. २००६ साली त्याने गुन्हा कबूल केला आणि २००७ साली त्याला १८ महिन्यांची शिक्षा झाली.

नॉन-कॉम्पीट : राज्य बदलले की कायदा बदलतो

गुपित जपण्याचे वचन रास्तच आहे. नॉन-कॉम्पीटचे तसे नाही. तुम्ही काहीही चोरलेले नसले तरी ते कामापासून दूर ठेवते. हा वाद जुना आहे. १४१४ साली इंग्लंडमध्ये एका रंगाऱ्याने सहा महिने गावात आपला धंदा न करण्याचे लिहून दिले होते. ते पाळले नाही म्हणून खटला झाला, तेव्हा न्यायाधीश असे लिहून घेणाऱ्यावरच संतापले. पुढे १७११ साली एका बेकरीवाल्याच्या खटल्यात धोरण सौम्य झाले आणि मुदत, प्रदेश व कारण वाजवी असेल तर असे बंधन चालेल असे ठरले. अमेरिकेतील बहुतेक राज्ये आजही त्या 'वाजवी'भोवतीच फिरतात.

मध्यंतरी अनेकांनी ऐकले की सरकारने नॉन-कॉम्पीटवर बंदी घातली. ते अर्धसत्य आहे. फेडरल ट्रेड कमिशनने एप्रिल २०२४ मध्ये देशभर बंदीचा नियम जाहीर केला होता. त्यांच्या अंदाजाने सुमारे ३ कोटी लोक, म्हणजे दर पाच कामगारांत एक, अशा कराराने बांधलेले होते. पण नियम लागू होण्यापूर्वीच ऑगस्ट २०२४ मध्ये टेक्सासच्या फेडरल कोर्टाने तो रद्द केला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये कमिशनने अपीलही सोडून दिले. म्हणजे देशभराची बंदी नाही. तुमच्या राज्याचा कायदा काय म्हणतो हेच पाहावे लागते.

कॅलिफोर्नियात नोकरदारांवरचे असे कलम रद्दबातल असते, आणि १ जानेवारी २०२४ पासून ते कुठल्या राज्यात सही केलेले आहे याचाही फरक पडत नाही. नॉर्थ डकोटा, ओक्लाहोमा आणि १ जुलै २०२३ नंतरच्या करारांसाठी मिनेसोटा याच पंगतीत आहेत. मॅसॅच्युसेट्समध्ये ऑक्टोबर २०१८ पासूनच्या करारांना मुदत बहुधा १२ महिन्यांचीच, कागद ऑफरबरोबर किंवा रुजू होण्याच्या दहा कामकाजी दिवस आधी, यांपैकी जे आधी असेल तेव्हा हातात द्यावा लागतो, आणि कपातीत काढलेल्या माणसावर तो लादता येत नाही. इलिनॉयमध्ये २०२२ पासूनच्या करारांसाठी किमान पगाराची अट आहे. ती ७५,००० डॉलरपासून सुरू झाली व टप्प्याटप्प्याने वाढते. शिवाय विचाराला १४ दिवस द्यावे लागतात. उलट फ्लोरिडाने २०२५ साली मोठ्या पगारदारांसाठी चार वर्षांपर्यंतच्या बंधनाला वाट करून दिली.

आता आपल्या भागाचे. न्यू जर्सीत सर्वसाधारण बंदी नाही. कंपनीचे खरोखरच जपण्यासारखे काही आहे का, माणसावर अवाजवी संकट येते का आणि जनतेचे नुकसान होते का, हे कोर्ट पाहते. कलम फार ताणलेले वाटले तर कोर्ट ते कापून लहान करू शकते. म्हणून 'हे इतके जाचक आहे की टिकणारच नाही' या भरवशावर राहू नये. न्यूयॉर्कच्या विधिमंडळाने बंदीचे विधेयक संमत केले होते, पण डिसेंबर २०२३ मध्ये गव्हर्नरनी ते नाकारले.

डेलावेअर नदी ओलांडली तरी फरक पडतो. नोकरीत असताना मध्येच नवा नॉन-कॉम्पीट पुढे केला, तर न्यू जर्सीत 'नोकरी चालू ठेवली' एवढाच मोबदला सहसा पुरतो. पेनसिल्व्हेनियात पुरत नाही. तिथे बढती, बोनस असे काहीतरी नवे द्यावे लागते. २०१५ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा स्पष्ट केले. आपल्यातील डॉक्टर मंडळींसाठी आणखी एक : पेनसिल्व्हेनियात १ जानेवारी २०२५ पासूनच्या नव्या करारांत डॉक्टरांवर एक वर्षाहून जास्त नॉन-कॉम्पीट घालता येत नाही.

आपल्याकडचा धागा

या कायद्याचा एक धागा थेट आपल्या देशात जातो. डेव्हिड डडली फील्ड या अमेरिकन कायदेपंडितांनी एकोणिसाव्या शतकात न्यूयॉर्कसाठी दिवाणी कायद्याचा मसुदा तयार केला. न्यूयॉर्कने तो घेतला नाही. कॅलिफोर्नियाने १८७२ साली घेतला. आणि त्याच वर्षीच्या हिंदुस्थानच्या कराराच्या कायद्यातले २७ वे कलम, म्हणजे धंद्याला आडकाठी करणारा करार रद्द, हेही त्याच मसुद्यावरून आले. म्हणूनच भारतात नोकरी सोडल्यानंतरचा नॉन-कॉम्पीट सहसा टिकत नाही.

पण तिथेही एक मेख आहे. कल्याणच्या सेंच्युरी रेयॉनमध्ये टायर कॉर्डच्या कारखान्यात १९६३ साली एक शिफ्ट सुपरवायझर पाच वर्षांच्या करारावर रुजू झाला. तंत्र परदेशी कंपन्यांकडून गुप्ततेच्या अटीवर आणलेले होते. १९६४ मध्ये तो ते सोडून जास्त पगारावर कोट्याच्या एका रेयॉन कंपनीत गेला. खटला कल्याणहून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६७ साली कोर्टाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. बंधन कराराच्या पाच वर्षांच्या मुदतीपुरतेच होते, हे त्यातले मुख्य कारण. आपल्यापैकी अनेकजण 'बॉन्ड म्हणजे काही नाही हो' अशी समजूत घेऊन भारतातून येतात. ती तिथेही पूर्ण खरी नव्हती.

व्हिसावर असणाऱ्यांची कोंडी

आता सर्वांत महत्त्वाचे. अमेरिकन सहकारी आणि आपण एकाच कागदावर सही करतो, पण त्याचे वजन दोघांना सारखे नसते. त्याला वर्षभर प्रतिस्पर्ध्याकडे जाता आले नाही तर तो शाळेत शिकवेल, भावाच्या दुकानात बसेल, घर रंगवील. एच-१बी वर असलेल्या माणसाची नोकरी गेली तर त्याला २०१७ पासूनच्या नियमाप्रमाणे जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. तेवढ्यात दुसऱ्या कंपनीने अर्ज भरायला हवा. आणि नवे कामही त्याच्या विशेष शिक्षणाला धरूनच असावे लागते. जोडीदार एच-४ वर असेल तर त्याला वा तिला कामाची परवानगी असतेच असे नाही.

ग्रीन कार्डाचेही तसेच. शेवटचा अर्ज १८० दिवसांहून जास्त काळ पडून असेल तर नोकरी बदलता येते, पण नवी नोकरी त्याच किंवा तत्सम प्रकारची हवी. म्हणजे इमिग्रेशनचा कागद म्हणतो हेच काम कर, आणि नॉन-कॉम्पीट म्हणतो हेच काम करू नकोस. या दोन कागदांच्या मध्ये घराचा हप्ता, मुलांची शाळा आणि इतक्या वर्षांची ग्रीन कार्डाची रांग अडकलेली असते. म्हणून सही करताना आपण इतरांपेक्षा दुप्पट सावध असले पाहिजे. आणि खरोखरच वेळ आली तर ही अडचण वकिलाला पहिल्याच भेटीत सांगावी. न्यू जर्सीचे कोर्ट माणसावरचे अवाजवी संकट विचारात घेते, हे वर आलेच आहे.

सॉफ्टवेअरच्या सल्लागार कंपन्यांकडून येणाऱ्या तरुणांसाठी दोन शब्द बॉन्डविषयी. एच-१बी च्या कायद्याप्रमाणे मुदतीआधी नोकरी सोडली म्हणून कंपनीला दंड वसूल करता येत नाही. खऱ्या नुकसानीचा आधीच केलेला वाजवी अंदाज राज्याच्या कायद्यानुसार मागता येऊ शकतो, आणि यांतला फरक हाच वादाचा विषय असतो. एच-१बी च्या अर्जाची फी आणि त्या अर्जाच्या वकिलाचा खर्च मात्र कंपनीचाच. तो तुमच्याकडून कापता येत नाही. तसे झाले तर कामगार खात्याच्या वेज अँड अवर विभागाकडे तक्रार करता येते.

डोक्यातले तुमचे, कागदावरचे त्यांचे

'मग मी दहा वर्षांत शिकलेले सगळे विसरायचे का?' असे एका काकांनी मला विचारले. मुळीच नाही. एन.एम.आर. वाचणे, कॉलम चालवणे, मिश्रण घट्ट का झाले हे नजरेने ओळखणे, ग्राहकाशी बोलणे, ही तुमची विद्या. ती तुमच्याबरोबरच जाते आणि कोर्टेही सहसा ते मानतात. २०१६ चा केंद्रीय कायदा तर स्पष्ट सांगतो की माणसाला नुसती माहिती आहे एवढ्यावरून त्याची नवी नोकरी अडवता येत नाही. गुपित फुटण्याच्या धोक्याचा पुरावा लागतो.

तरी राज्यांच्या कायद्यांखाली निकाल वेगळे लागू शकतात. १९९५ साली शिकागोच्या अपील कोर्टासमोर पेप्सिकोच्या एका मॅनेजरचा खटला आला. त्याने नॉन-कॉम्पीटवर सही केलेली नव्हती, फक्त गुप्तता करार होता. तो गेटोरेड विकणाऱ्या क्वेकर कंपनीत निघाला होता. पेप्सिकोच्या येत्या वर्षाच्या योजना त्याच्या डोक्यात असल्याने त्या वापरल्याशिवाय नवे काम जमणार नाही, असे कोर्टाने धरले आणि काही महिने त्याला रुजू होण्यास मनाई झाली. नव्या नोकरीविषयी तो आधीच्या वरिष्ठांशी सरळ बोलला नव्हता, हेही त्याच्या विरुद्ध गेले. यातून घ्यायचे ते हे की जाताना खोटे बोलू नये. सगळे सांगायला तुम्ही बांधलेले नसता, पण जे सांगाल ते खरे असावे.

शोधांच्या बाबतीत न्यू जर्सीचाच एक खटला दिलासा देणारा आहे. कंपनी सोडल्यावर वर्षभरात लागलेला संबंधित शोधही कंपनीचा, असे कलम काही करारांत असते. इंगरसोल-रँडमधून १९७९ साली काढून टाकलेल्या एका इंजिनियरला घरी दिवा बसवताना खाणीचे छत धरून ठेवणाऱ्या उपकरणाची कल्पना सुचली. कंपनीने त्यावर हक्क सांगितला. १९८८ साली न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने असे कलम मुळात चालू शकते असे म्हटले, पण त्याने कंपनीचे कुठलेही गुपित वापरलेले नव्हते म्हणून या प्रकरणात ते लागू केले नाही. शोध त्याचाच राहिला.

काय करावे

सही करण्यापूर्वी कागद घरी न्यायला मागा. मी स्वतः मागितले आहेत. कुणी नाही म्हटले नाही. मग सहा गोष्टी शोधा : मुदत किती, प्रदेश कुठला, नेमके कुठले काम बंद, कपातीत काढले तरी बंधन लागू का, कुठल्या राज्याचा कायदा व कोर्ट, आणि प्रशिक्षणाचे वा इतर पैसे परत मागण्याची अट आहे का. 'कुठलीही प्रतिस्पर्धी कंपनी' असे लिहिले असेल तर त्याऐवजी चार-पाच नावांची यादी घालायला सांगा. 'कपात झाल्यास लागू नाही' एवढे एक वाक्य मिळाले तरी मोठे काम होते. उत्तर नकारार्थी आले तर निदान आपण कशावर सही करतो आहोत हे कळते. सही केलेली प्रत पासपोर्टाच्या फाईलमध्येच ठेवा.

नोकरीत असताना कंपनीची फाईल घरच्या ई-मेलवर पाठवू नका, पाहुण्यांना दाखवायलाही लॅबमधले फोटो फोनवर घेऊ नका. स्वतःची काही कल्पना फावल्या वेळात चालवायची असेल तर स्वतःच्या वेळात, स्वतःच्या संगणकावर आणि कंपनीच्या विषयापासून दूर राहून चालवा. अशा शोधांना संरक्षण देणारा कायदा न्यू जर्सीत २०१८ पासून आहे.

जाताना लॅपटॉप, नोटबुक, पेन ड्राईव्ह सगळे परत करा आणि पोच घ्या. लॅपटॉप 'साफ' करून देऊ नका. पुरावा पुसल्याचा संशय येतो. नव्या कंपनीला जुना करार ऑफर स्वीकारण्याआधी दाखवा. जुन्या सहकाऱ्यांना 'तुम्हीही या' असे सांगण्यापूर्वी करारातले त्याविषयीचे कलम पाहा.

कपातीच्या वेळी मिळणाऱ्या सेव्हरन्सच्या कागदावर त्याच दिवशी सही करू नका. त्यात नवा नॉन-कॉम्पीट दडलेला असू शकतो. वय ४० किंवा जास्त असेल आणि वयाच्या भेदभावाबद्दलचे हक्क सोडायला सांगत असतील, तर केंद्रीय कायद्याने विचाराला २१ दिवस, सामूहिक कपातीत ४५ दिवस, आणि सहीनंतर मागे घ्यायला ७ दिवस मिळालेच पाहिजेत.

आणखी एक. गुप्तता करार म्हणजे गैरप्रकारांवर पांघरूण घालण्याची सक्ती नव्हे. औषधाच्या बॅचमध्ये काही लपवले जाते आहे अशी शंका आली, आणि ती कळवण्यासाठी तुम्ही सरकारी अधिकाऱ्याला वा वकिलाला गोपनीयपणे माहिती दिलीत, तर २०१६ चा कायदा गुपित फोडल्याच्या आरोपापासून संरक्षण देतो.

घरातल्या दुसऱ्या माणसानेही हे कागद वाचावेत अशी माझी खास विनंती आहे. सही एकाची असली तरी त्याचे परिणाम साऱ्या घराला भोगावे लागतात. कुणाला करारातली भाषा समजून घ्यायला सोबत हवी असेल तर मंडळाच्या पुढच्या सभेनंतर मला जरूर भेटा. नावे आणि आकडे झाकून आणा. तुमच्या कंपनीचे गुपित मलाही नको!